करंजापर्यंतचा पुकारा

“दारातनं ऊठ.”

ती उठली नाही. कोर्टाच्या उंबऱ्याला टेकून बसली होती. मांडीवर कापडाच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत कागद. मी पायानेच उंबरा ठोकला.

“ए बाई, तुला सांगतोय. ही काय तुझ्या माहेरची ओसरी आहे?”

“माझं नाव निघायचंय, मामा.”

“सगळ्यांचीच निघायचीत. तू दारात बसलीस म्हणून साहेब तुझं आधी घेणार आहेत का?”

“तसं न्हाई. पर लांब बसलं आन् ऐकू आलं न्हाई, तर?”

मला हसू आलं. मी त्या तालुका कोर्टाचा पट्टेवाला. प्रकरण निघालं की दारात उभं राहून पक्षकाराच्या नावाचा तीन वेळा पुकारा करायचा, हे माझं काम. पुकारून माणूस आला नाही तर तो गैरहजर, आणि त्याचं प्रकरण गेलं. हे काम मी अठ्ठावीस वर्षं केलं होतं, आणि सोपान खिलारेचा आवाज ऐकू आला नाही असं म्हणायची हिंमत अजून कुणाला झाली नव्हती.

“तो करंज दिसतो का?” मी आवाराच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीकडे बोट केलं. “त्याच्याखाली दगडी बाक आहे. तिथं जाऊन बस. एसटी स्टँडावर चहा पिणारी माणसं माझ्या आवाजाला कप टाकून पळत आलीत. करंज म्हणजे काहीच नाही.”

“नक्की ना, मामा? मलाबी हितं नकोच वाटतंय. सासरची माणसं व्हरांड्यात बसत्यात, आन् सासू बघून थुकती.”

“मग जा की. आणि माझा आवाज आल्याशिवाय जागचं हलायचं नाही. मधेमधे येऊन डोकावणाऱ्या लोकांचा मला ताप होतो.”

ती गेली. तासाभराने तिचं प्रकरण निघालं. मी छाती भरून घेतली आणि नाव सोडलं, “अर्जदार उज्ज्वला बिरा घुटुकडेऽऽ, हाजीर होऽऽ!” टाकीवरची कबुतरं उडाली. दुसऱ्यांदा पुकारायची गरजच पडली नाही. ती लुगड्याचा काठ धरून आवार तुडवत पळत आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आलं की ऐकू!” मी तिच्याकडे बघितलंही नाही. पक्षकारांकडे बघायची मला सवय नव्हती.

ही मार्चमधली गोष्ट. तेव्हा माझ्या शर्टाच्या कॉलरखाली सुपारीएवढी गाठ आली होती आणि मी वरचं बटण लावून ती झाकत होतो.

गाठ थायरॉइडची निघाली आणि तपासणीत कॅन्सर. पुण्याचे डॉक्टर हसून म्हणाले, “काळजी करू नका. कॅन्सरमध्ये हा चांगला कॅन्सर.” ही शहाणी माणसं कॅन्सरमध्येही पहिला नंबर काढतात. मी एवढंच विचारलं की कोर्टाच्या मे महिन्याच्या सुट्टीत सगळं उरकेल का. माझ्या जागी दुसऱ्या कुणी दारात उभं राहून कोकलावं, हे मला नको होतं. उरकेल, म्हणाले. तसं ते उरकलंही.

शुद्धीवर आलो तेव्हा बायको उशाशी होती. “इंदे, पाणी,” म्हणालो. तिने ऐकलं नाही. परत म्हणालो. सायकलच्या टायरमधून हवा जावी तसं काहीतरी गळ्यातून गेलं, आणि ती नर्सला बोलवायला पळाली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. थायरॉइडच्या मागून दोऱ्यासारखी एक नस जाते, ती आवाज चालवते. गाठ तिला चिकटली होती, सोडवावी लागली. नस तुटलेली नाही, पण एका बाजूची झोपली आहे. सहा महिन्यांत जागी होईल, कदाचित होणारही नाही. तिथंच तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. त्यांनाही मार बसला आहे. म्हणून दिवसातून तीन वेळा कॅल्शियमची गोळी. चुकली तर तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येतील, हात वाकडे होतील. पाणी पिताना हनुवटी छातीला लावायची, नाहीतर ठसका लागेल.

घरी आल्यावर भेटणाऱ्यांची रांग लागली. साडू शहाळी घेऊन आला आणि त्याच्या चुलत मेव्हण्याचा गळा कसा पंधरा दिवसांत सुटला ते दीड तास सांगत बसला. शेजारचा गुरव ज्येष्ठमध देऊन गेला. निवृत्त तलाठी म्हणाला, “बोलू नका, फक्त ऐका,” आणि मग स्वतःच संध्याकाळपर्यंत बोलला. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्याकडे आता परत उत्तर नाही हे कळल्यावर गावातल्या प्रत्येक गाढवाला कंठ फुटला होता.

आवाजाच्या व्यायामासाठी जिल्ह्याच्या गावी एका मुलीकडे पाठवलं होतं. असेल चोवीस वर्षांची. “काका, दोन्ही हातांनी भिंत ढकला आणि ‘आ’ म्हणा. किती वेळ टिकतो बघू.” तिने घड्याळ लावलं. चार सेकंद टिकला. “छान!” ती म्हणाली. जिच्या जन्माआधीपासून मी पुकारा करत होतो, ती मला चार सेकंदांना छान म्हणत होती. दोनदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो नाही.

गोळ्यांचंही तसंच. खडूच्या तुकड्याएवढी ती गोळी, तिला पाणी लागणार, पाण्याने ठसका लागणार, आणि सगळ्या वकिलांसमोर मान खाली घालून कोंबडीसारखं पाणी प्यायचं. इंदू डब्यात दुपारची गोळी कागदात बांधून द्यायची. ती मी कोर्टाच्या पायरीवरच्या कुंडीत पुरायचो. संध्याकाळी ती विचारायची, “अहो, दुपारची घेतली ना?” आणि मी मान हलवायचो.

जूनमध्ये कोर्ट उघडलं. मी लाल पट्टा अंगावर चढवला, बिल्ला पुसला आणि दारात उभा राहिलो.

दीड महिना मी कसा काढला, ते आता सांगायलाही कमीपणा वाटतो. वकील आपापल्या पक्षकारांना ओढून आणतात, व्हरांड्यातली माणसं दाराकडे डोळे लावूनच असतात, बोर्ड भिंतीवर लागलेला असतो. त्यामुळे मी दारात जाऊन नुसतं तोंड हलवलं तरी बहुतेक माणसं येत. न येणाऱ्यांसाठी माझ्याकडे उत्तर तयार होतं. गैरहजर. साहेब लिहून घेत. साधी प्रकरणं असत, पुढची तारीख पडे, कुणाचं फार बिघडत नसे. निदान मी तशी समजूत करून घेतली होती.

माझा घसा बसलाय, पावसाळ्यात सुटेल, असंच कोर्टात सगळे धरून चालले होते. तरुण वकील मागून म्हणायचे, “मामा, मामींनी गळा धरला काय?” आणि फिदीफिदी हसायचे. काळा कोट घातला म्हणून कावळ्याचा काही गरुड होत नाही. ज्यांना अर्जात स्वतःच्या पक्षकाराचं नाव धड लिहिता येत नाही, ते माझ्या गळ्यावर विनोद करत होते.

एकच माणूस हसत नव्हतं. कुसुम वायदंडे. नवरा याच कोर्टात बेलीफ होता, तो गेल्यावर अनुकंपावर शिपाई म्हणून लागलेली विधवा बाई. खाली मान घालून चालायची, साहेबांचा चहा नेताना तिची कपबशी वाजायची. आवाज इतका बारीक की ‘चहा’ म्हणाली तरी दोनदा विचारावं लागे. पहिल्याच आठवड्यात ती माझ्याजवळ येऊन म्हणाली होती, “मामा, तुम्हाला त्रास होतोय. मी म्हणू का नावं?”

“तुझ्या आवाजाला घरचं मांजर तरी येतं का?” मी तिच्या कानाशी फुसफुसलो.

 त्यानंतर पुकाऱ्याची वेळ आली की मी तिला कुठल्या तरी कामाला पिटाळायचो. कधी दप्तरात, कधी पोस्टात. मला तिची दया नको होती. दया करायची तर माणसाची तेवढी पायरी असावी लागते.

आणि मग ती जुलैची तारीख आली.

बोर्डावर घुटुकडे अकरावी होती. प्रकरण मला ठाऊक होतं, कारण कोर्टात शिपायाला सगळं ठाऊक असतं. नवरा बिरा घुटुकडे तामिळनाडूत सेलमला गलाईच्या धंद्यात. आमच्या भागातली निम्मी माणसं अशीच देशभर सोनं-चांदी गाळायला जातात. त्याने बायकोला मारून हाकललं आणि चार वर्षांची मुलगी सासूने ठेवून घेतली. उज्ज्वलाने अर्ज केला होता, मुलगी माझ्या ताब्यात द्या. त्या दिवशी त्यावर अंतरिम हुकूम व्हायचा होता. तिला सरकारने मोफत दिलेले वकील बोधे त्या दिवशी जिल्हा कोर्टात अडकले होते. फुकटचा वकील नेमका अशाच दिवशी अडकतो.

व्हरांड्यात सासू बसली होती, शेजारी दीर, आणि त्यांचे वकील सातपुते पानाचा तोबरा भरून उभे.

पावणेबाराला पेठकर कारकुनांनी अकरा नंबर काढला. मी वायदंडेबाईला आधीच झेरॉक्सला धाडलं होतं. दारात गेलो. छाती भरली. “अर्जदार उज्ज्वला बिरा घुटुकडे,” म्हणालो. नाव बाहेर पडलं ते मलाच जेमतेम ऐकू आलं. दुसऱ्यांदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो. सासू माझ्यापासून दोन हात अंतरावर बसली होती, तिनेही मान वर केली नाही. मी एकदा आवाराच्या टोकापर्यंत नजर टाकली आणि आत आलो.

“गैरहजर,” मी पेठकरांच्या कानाशी म्हणालो.

“अर्जदार गैरहजर, साहेब,” पेठकर मोठ्याने म्हणाले.

साहेब चांगले होते. नवे होते, घाई करत नसत. “वकीलही नाहीत. दुपारच्या सत्रात परत पुकारा,” म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत मी गोळी कुंडीत पुरली. ओठांभोवती सकाळपासून मुंग्या येत होत्या. तिकडे मी लक्ष दिलं नाही.

तीन वाजता परत पुकारा. वायदंडेबाईला परत झेरॉक्सला पिटाळलं होतं. परत तेच. या वेळी मी आवाराकडे बघितलंसुद्धा नाही. तीनदा तोंड हलवलं, आत आलो आणि मान हलवली. सातपुते खाकरून उभे राहिले. “साहेब, दोनदा पुकारा झाला. अर्जदाराला स्वारस्य दिसत नाही. मुलगी आजीजवळ सुखात आहे. आम्हाला विनाकारण हेलपाटे पडतात.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “खिलारे, पुकारा नीट केला ना?”

मी मान हलवली. अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मला त्याचा रागच आला.

साहेबांनी सांगितलं, पेठकरांनी रोजनाम्यात लिहिलं. वारंवार पुकारूनही अर्जदार व वकील गैरहजर, सबब अर्ज काढून टाकण्यात येतो. कागद सहीच्या गठ्ठ्यात गेला. साहेब सह्या उठताना एकदमच करत.

मी बाहेर आलो. सासू दिराला सांगत होती, “आता काय अडत न्हाई. आज सांजच्या गाडीनं पोरगी सेलमला धाड. तिकडं पोचली की त्या उज्ज्वलेचा बाप आला तरी सापडत न्हाई. आईला इसरल दोन म्हयन्यात.” मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. “लई उपकार झालं, मामा,” म्हणाली आणि माझ्या हातात दोन केळी ठेवली.

मी ती केळी घेतली, हे इथं लिहून ठेवतो.

घसा कोरडा पडला होता. लोकांसमोर प्यायला नको म्हणून मी आवाराच्या टोकाच्या टाकीकडे गेलो. केळी काखेत धरून ओंजळ भरली, हनुवटी खाली घ्यायची विसरलो, आणि ठसका लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकत राहिलो. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला.

“सावकाश, मामा, सावकाश.”

ती करंजाखालच्या बाकावरून उठून आली होती. तीच पिशवी हातात.

“मामा, माझं नाव कवा निघंल?” तिने विचारलं. “सकाळी नऊपासनं बसलेय. डोळा लागंल म्हणून भाकरी खाल्ली न्हाई. टाकी एवढी जवळ, पर पाण्यालाबी उठले न्हाई. तुम्ही म्हणला व्हता ना, माझा आवाज आल्याबिगर हलायचं न्हाई. आज तुमचा आवाजच आला न्हाई अजून. म्हणलं, आज कुणाचंच निघालं न्हाई वाटतं.”

दिवसभरात जी पन्नास माणसं आत-बाहेर करत होती, ती तिला दिसली नव्हती असं नाही. पण तिचा कान फक्त माझ्या आवाजावर होता. वकील नाही, नवरा नाही, लिहिता-वाचता येत नाही. त्या कोर्टात तिने विश्वास टाकला तो एकट्या माझ्या बढाईवर.

मी बोलायला गेलो आणि फक्त हवा आली. तिने भुवया आवळून माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग गळ्यावरच्या आडव्या लाल व्रणाकडे.

“मामा... तुमचा आवाज?”

मी उजवा हात वर केला, थांब म्हणायला. तो खाली आलाच नाही. मनगट वाकलं, बोटं ताठ होऊन अंगठ्याशी जुळली, भाताचा घास उचलताना जुळतात तशी. मग डावाही. केळी खाली पडली. दुखण्यापेक्षा शरम जास्त होती. मी शर्टाच्या खिशाकडे मान झुकवली. सकाळी इंदूने एक जादा गोळी खिशात कोंबली होती. उज्ज्वलाने ती काढली, दातांनी चावून दोन तुकडे केले, माझ्या तोंडात घातले आणि मायने पोराला पाजावं तसं स्वतःच्या ओंजळीतून पाणी दिलं. कुणी न सांगता म्हणाली, “मान खाली घालून प्या.”

एवढं झाल्यावर तिने परत विचारलं, “नाव निघंल ना आज?”

आता जे सांगायचं राहिलं ते सांगतो. सकाळी पावणेबाराला मी आवाराच्या टोकापर्यंत नजर टाकली, तेव्हा मला तिचा हिरवा पदर करंजाखाली दिसला होता. ती सरळ पाठीने, कोर्टाकडे कान देऊन बसली होती. शंभर पावलं चालत गेलो असतो आणि ‘चल’ एवढी खूण केली असती तर भागलं असतं. पण पट्टेवाला पक्षकाराला बोलवायला चालत गेला, की त्याचा आवाज गेला हे सगळ्या कोर्टाला कळलं असतं. ती पोरगी जन्मभर आईला मुकली तरी चालेल, पण सातपुतेसारख्या पानखाऊ माणसाला माझ्याकडे बघून हसायला मिळू नये, हा माझा हिशोब होता. आयुष्यभर मी पुष्कळांना तुच्छ मानलं. त्या टाकीपाशी, दोन्ही हात वाकडे करून उभा असताना, त्या सगळ्या यादीत सगळ्यात खाली कोण बसतं ते मला दिसलं.

मी तिला मानेनेच ‘चल’ म्हणालो आणि कोर्टाकडे निघालो.

साहेब सह्यांचा गठ्ठा पुढे ओढत होते. सातपुते कुणाशी तरी बोलत हसत होते. मी सरळ आत जाऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ उभा राहिलो. शिपायाने कोर्टात आपणहून बोलायचं नसतं. मी म्हणालो, “साहेब.”

कुणी ऐकलं नाही. परत म्हणालो. पेठकरांनी हातानेच बाहेर जायची खूण केली. तिसऱ्यांदा म्हणालो, तेव्हा साहेबांनी मान वर केली, पण ती माझे हात बघून.

“काय झालं, खिलारे? हाताला काय झालंय? डॉक्टरांना बोलवा कुणीतरी.”

मी मान हलवून नको म्हणालो आणि बोलू लागलो. साहेब पुढे वाकले, पेठकर पुढे वाकले. “काय म्हणताय? मोठ्याने बोला.”

मग झेरॉक्सचे कागद पोटाशी धरून वायदंडेबाई आत आली. माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिने आपला कान माझ्या तोंडाशी आणला. मी सांगितलं ते सगळं तिने ऐकून घेतलं. मधे एकदा तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग त्या बारीक, कापऱ्या आवाजात, एकही शब्द न गाळता ती साहेबांना म्हणाली, “साहेब, मामा म्हणतात, अकरा नंबरची अर्जदार सकाळी नऊपासून हजर आहे. करंजाखाली बसलीय. मामांनीच तिला तिथं बसवलं होतं. सकाळी पुकारताना त्यांनी तिला बघितलं, तरी गैरहजर सांगितलं. त्यांचा आवाज गेलाय, तो पोचत नाही.”

 सातपुत्यांनी पान गिळलं असावं. “साहेब, हे अजब आहे! पुकारा दोन वेळा झालेला आहे. रोजनाम्यात आलेलं आहे. पट्टेवाल्याला वश करून—”

“थांबा,” साहेब म्हणाले. चष्मा काढून ते माझ्याकडे बघत होते. “खिलारे, दारात जा. सकाळी पुकारलंत तसं आत्ता पुकारा. मी इथून ऐकतो.”

मी दारात गेलो. व्हरांड्यातली माणसं उठून उभी राहिली होती. तरुण वकील गोळा झाले होते. उज्ज्वला पायरीखाली उभी होती. मी छाती भरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून तिचं नाव सोडलं. माझ्या मानेच्या शिरा ताणल्या, टाक्यांची जागा दुखली, आणि तोंडातून वाफ निघावी तसा सूर निघाला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाकी कुणी हसलं नाही.

“झालं का?” साहेबांनी आतून विचारलं. बारा पावलांवर बसलेल्या माणसाला मी पुकारलं की नाही तेही कळलं नव्हतं.

“झालं, साहेब,” वायदंडेबाई म्हणाली.

साहेबांनी गठ्ठ्यातून तो कागद काढला, सही झालेली नव्हती. त्यावर दोन तिरक्या रेघा मारल्या. “अर्जदाराला बोलवा.”

पेठकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला झालो. वायदंडेबाई दारात आली, पदर खोचला, आणि बारीक पण सरळ आवाजात म्हणाली, “अर्जदार उज्ज्वला बिरा घुटुकडे, हाजीर हो.” उज्ज्वला तीन पायऱ्या चढून आत गेली.

हुकूम संध्याकाळी पाच वाजता झाला. मुलीला तालुक्याबाहेर न्यायचं नाही, पुढच्या सोमवारी कोर्टात हजर करायचं, आणि पोलिसांनी आजच आजीच्या घरी जाऊन तसं बजावायचं. सासू व्हरांड्यातून जाताना माझ्या पायाशी थुंकली. ते मला रास्त वाटलं.

साहेबांनी चेंबरमध्ये बोलावलं. खुलासा लेखी मागितला आणि म्हणाले, “उद्यापासून तुम्ही दप्तरात. पुकारा वायदंडेबाई करतील. आणि खिलारे, औषधं घ्या. उद्या परत जिल्ह्याला दाखवून या, मी रजा देतो.” मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्याला आता बारा वर्षं झाली. पुढे वर्षभर मी त्या मुलीसमोर भिंत ढकलून आ म्हणालो. चार सेकंदांचे अकरा झाले, ती प्रत्येक वेळी छान म्हणाली, आणि दोन माणसांत बोलता येईल इतका आवाज परत आला. कॅल्शियमची गोळी अजून चालू आहे. निवृत्त झालो तेव्हा भाषणं झाली, त्यात माझ्या पहाडी आवाजाची आठवण सातपुत्यांनीच काढली.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच. मी पट्टा काढून वायदंडेबाईच्या हातात दिला. तिला तो मोठा होत होता, ती वळकटी करून बघत होती. मी काहीतरी बोलणार होतो, पण मांजराचं बोललो होतो तेच आठवलं. बोटं आता सैल झाली होती.

उज्ज्वला पायरीशी थांबली होती. मला वाटलं आता शिव्या देईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाया पडेल. तिने दोन्ही केलं नाही. पिशवीतले कागद नीट लावत ती म्हणाली, “मामा, सोमवारी मी कुठं बसू?”

मी सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. ती दोन पायऱ्या वर आली आणि तिने कान पुढे केला.

“दारात बस,” मी म्हणालो. “उंबऱ्यावर. वायदंडेबाईंना सांगून ठेवतो, कुणी उठवणार नाही.”